35 मिनिटांचं विमान

इंदूरला आमची छोटीशी ट्रॅव्हल एजन्सी आहे, तिकिटांचं टेबल माझ्याकडे. रामबागेतले एक काका जुने कस्टमर, मागच्या जानेवारीत त्यांच्या भाचीचं लग्न ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात, मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटं. काकू दोन दिवस आधीच गाडीने गेल्या, काकांना मात्र दुकान सुटत नव्हतं आणि रात्रीच्या गाडीने कंबर धरते म्हणे, आग्रा-मुंबई रोडने देवास गुना शिवपुरी करत 500 किलोमीटर तर नकोच नको. फोनवर विचारलं, "अगं, विमानाला किती लागतं?"

समोर एकाचं सिंगापूरचं चाललेलं, मी मान वाकडी करून फोन धरला, गुगल केलं आणि पहिलं जे दिसलं ते वाचून दाखवलं. अंतर 465 किलोमीटर, वेळ 35 मिनिटं. काका खूश. सकाळी 9:40 चं तिकीट काढलं.

आता हे 35 मिनिटं म्हणजे काय, तर नकाशावर सरळ रेघ ओढायची आणि तिला ताशी 800 ने भागायचं. त्या रूटवर होतं पंख्यांचं छोटं विमान, एटीआर, ते जेमतेम 500 ने जातं, शिवाय एवढ्याशा अंतरात निम्मा वेळ चढण्या-उतरण्यातच. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि पलीकडे जाऊन उभं राहिलं की संपतो. तिकिटावर स्वच्छ 11:00 छापलं होतं, पण काकांनी चष्मा लावून ते वाचलंच नाही कारण मी तोंडी सांगितलं होतं ना! त्यांच्या डोक्यात सव्वादहा.

लग्नाच्या दिवशी पावणेदहाला फोन. "अगं, सोडतच नाहीयेत." मी खिडकीतून बघते तर इंदूरला लख्ख ऊन, लोक पोहे खातायत, पण ग्वाल्हेरला धुकं, आणि तिकडे दिसायला लागत नाही तोवर इकडून सोडत नाहीत. जानेवारीत तिकडे धुकं असतं हे मला माहीत होतं हो, रोजचं काम आहे माझं, पण आदल्या दिवशी जा हे तोंडातून निघालं नाही.

शेवटी अकरा वाजून गेल्यावर उडालं. त्यानंतर माझं कामात लक्ष नाही, एका बाईंची तारीखच चुकीची टाकली, नशीब पेमेंटच्या आधी दिसलं. साडेबाराला फोन आला, "उतरलो." मागे जिन्याचा खडखड आवाज. महाराजपुरा विमानतळाहून लष्कर म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला, वर वराती आणि ट्रॅफिक. मी काय बोलणार, म्हटलं, "काका, ड्रायव्हरला पत्ता आधीच दाखवा."

पोचले तेव्हा पंगत बसली होती. मुलीला धाकट्या मामाने आणलं.

चार दिवसांनी दुकानात आले, रुखवतातले दोन बेसनाचे लाडू माझ्या कीबोर्डशेजारी ठेवले, रागावले असते तर बरं वाटलं असतं. मग म्हणाले, "पुतण्याची मुंज आहे नागपूरला, एप्रिलमध्ये." मी गुगलकडे हात नेला तर म्हणाले, "ते राहू दे, तू घरून निघायची वेळ सांग," आणि खिशातून चष्मा काढला.