तेलाचा कॅन किती दिवस पुरतो?

दोन वर्षांपूर्वी, संक्रांत झाल्यावर, रक्ताचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, ६.१. हा ५.७ ते ६.४ च्या मध्ये असला की माणूस मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे असं धरतात. माझं वय ४६, उंची पाच फूट एक इंच, वजन ७४ किलो. डॉक्टरांनी टेपने कंबर मोजली, ९६ सेंटिमीटर भरली. "आपल्याकडे बायकांसाठी ८० ही मर्यादा धरतात. वजन उतरवा," एवढंच म्हणाले. कसं उतरवायचं ते मी विचारलंच नाही. ते काय, सगळ्यांनाच माहीत असतं, असं वाटलं. माझ्या आईच्या पायाचं बोट साखरेपायी काढावं लागलं होतं. त्या संध्याकाळी घरी येईपर्यंत डोळ्यांसमोर तोच पाय होता.

दुसऱ्या दिवशी पहिला भात बंद केला. वरण-भाताशिवाय पोट भरल्यासारखं वाटेना, म्हणून दोनाच्या चार पोळ्या झाल्या. शंभर ग्रॅम तांदूळ घ्या की शंभर ग्रॅम कणीक, दोन्हींत साधारण साडेतीनशेच कॅलरी असतात, हे मला फार उशिरा कळलं. सकाळी कोमट पाण्यात लिंबू आणि मोठा चमचाभर मध सुरू केला. मधाने चरबी वितळते म्हणे. चरबीला काही झालं नाही, उलट रोजच्या साठेक कॅलरी तेवढ्या वाढल्या.

मग उपवास. सोमवार आणि गुरुवार, कडक. सकाळी साबुदाण्याची खिचडी, रात्री भगर आणि दाण्याची आमटी. आमच्या नाशिकला उपवासाला भगर नाही असं घर सापडायचं नाही. खिचडीचा हिशोब मी पुढे एकदा वजनकाट्यावर मांडला: साबुदाणा १०० ग्रॅम, कूट ४० ग्रॅम, तूप दीड मोठा चमचा. साडेसातशेच्या आसपास कॅलरी, आणि त्यातला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. एरवीच्या दिवशी दोन बाजरीच्या भाकरी, भाजी आणि वाटीभर वरण जेवले असते तर याहून कमीच भरलं असतं. उपवास देवासाठी जरूर करावा, मी आजही गुरुवार धरते. पण वजनाच्या नावाने करत असाल तर एकदा ताट मोजून बघा.

एप्रिलमध्ये घामाचा पट्टा आणला. आम्ही तिडके कॉलनीत राहतो, गोल्फ क्लबचं मैदान चालत जाण्याच्या अंतरावर. पोटाला पट्टा, वर जाड जॅकेट, अशी मी ट्रॅकवर फेऱ्या मारायचे. घरी येऊन काट्यावर उभी राहिले की सातशे ग्रॅम कमी, कोण आनंद! चहा, पाणी, ताक झालं की दुपारी काटा होता तिथेच. उतरलं होतं ते पाणी. आणि पट्टा पोटाला बांधला म्हणून चरबी पोटाचीच जाते असंही नसतं. शरीर ती कुठून काढायची ते आपल्याला विचारून ठरवत नाही. एका सकाळी सहाव्या फेरीला डोळ्यांपुढे अंधारी आली. रोज फिरायला येणाऱ्या एका काकांनी बाकावर बसवलं, पट्टा सोडायला लावला आणि घोट घोट पाणी पाजलं. तो पट्टा मी पुन्हा बांधला नाही.

सर्वांत मोठी चूक त्यानंतरची. ओळखीतल्या एका बाईंनी एका ठिकाणी नेलं. दोन वेळा जेवणाऐवजी पावडर, एक वेळ सॅलड. दहा दिवसांत चार किलो गेले. मी माहेरी फोन करकरून सांगितलं. पण ती चार किलो चरबी नव्हतीच. शरीरात साठवलेली साखर असते, तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं तोडलं की आधी हे दोन्ही जातं, आणि दिवाळीचा फराळ सुरू झाला की परत येतं. माझे चार गेले ते पाच होऊन आले, आणि त्याच सुमाराला केस गळायला लागले. न्हाणीच्या जाळीवर रोज मुठीएवढा पुंजका. कंगवा फिरवायची भीती वाटायची. त्वचेच्या डॉक्टरांनी केस ओढून पाहिले आणि विचारलं, "तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?" खाणं एकदम तोडलं, की त्याचा हिशोब केस दोन-तीन महिन्यांनी देतात. मी तिथेच रडले.

त्याच डॉक्टरांनी एका आहारतज्ज्ञ ताईंकडे पाठवलं. मी वहीत महिन्याभराचं खाणं लिहून नेलं होतं. त्यांनी वही बाजूला ठेवली.

"घरात माणसं किती?"

"तीन. मी, हे आणि सासूबाई."

"तेलाचा पाच लिटरचा कॅन किती दिवस पुरतो?"

असं कधी कुणी विचारलं नव्हतं. "महिनाभर," म्हणाले. त्यांनी कागदावर मांडलं. पाच लिटर तेल म्हणजे साधारण ४६०० ग्रॅम. एका ग्रॅमला नऊ कॅलरी. भागिले तीन माणसं, भागिले तीस दिवस. माणशी रोज ४६० कॅलरी, नुसत्या तेलाच्या. मी रोज पाऊण तास चालून फार तर दोनशे जाळत होते.

घरी येऊन मी माझी फोडणीची पळी औषधाच्या मापाने मोजली. काठोकाठ २५ मिली. भाजीला दोन, आमटीला एक, आणि वर "थोडं सुटायला हवं" म्हणून पुन्हा अर्धी. वीस वर्षं मी अंदाजाने, आणि मायेनेच, हे ओतत आले होते. भाजीवर तवंग दिसला नाही तर पाहुण्यांना काय वाटेल, हीच काळजी.

भात परत आला, मोजून एक वाटी. पळीच्या जागी मोठा चमचा आला, दिवसाला तिघांत सहा. मटकीची, हरभऱ्याची उसळ रोज, कारण प्रथिनं असली की पोट टिकतं. रविवारची मिसळ सोडली नाही. उसळ भरपूर, तर्री दोन चमचे, फरसाण मूठभर, आणि दही. चालण्याबरोबर आठवड्यातून तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठबस, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं. स्नायू टिकले नाहीत तर उतरलेलं वजन टिकत नाही, असं ताई बजावून सांगायच्या.

वजन हळूहळू उतरलं. महिन्याला जेमतेम अर्धा-पाऊण किलो. मध्ये सात आठवडे काटा हललाच नाही, तेव्हा फार धीर सुटला होता. पण त्याच आठवड्यांत ब्लाउज कंबरेला सैल झाले, म्हणून थांबले नाही. चौदा महिन्यांनी ६७ किलो, कंबर ८८, साखरेचा आकडा ५.६. कंबर अजून ८० वर आलेली नाही, चालू आहे. केस परत आले, कपाळाजवळ बारीक बारीक.

सासूबाई सुरुवातीला नाराज होत्या. "बिनतेलाचं आजारी माणसाला घालतात," म्हणायच्या. मी वाद घातला नाही, फक्त कॅन फोडला की मार्करने त्यावर तारीख लिहायचे. मागचा ५१ दिवस पुरला. काल नवा आणला. मी कुकर लावत होते, तर मागून आवाज आला, "अगं, मार्कर कुठे ठेवलास?" वळून पाहिलं तर सासूबाई चष्मा लावून ओट्याशी उभ्या होत्या, कॅन हाताने पुसून कोरडा करत.