पाळणाघर, आम्ही आणि बाहेरचे तज्ज्ञ

कंपन्यांची पाळणाघरं चालवणं हा आमचा व्यवसाय. कारखान्यांना पाळणाघर १९४८ च्या कारखाने कायद्यापासूनच बंधनकारक होतं: आधी ५० पेक्षा जास्त महिला कामगार असतील तर, १९७६ च्या दुरुस्तीनंतर ३० पेक्षा जास्त असतील तर. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेली ऑफिसंही त्यात आली. तेव्हापासून कामं वाढली. बाहेरचे तज्ज्ञ मात्र आम्ही आधी माहितीपत्रकात छापायलाच नेमले होते, हे कबूल.

जुनी पद्धत अशी: बालरोगतज्ज्ञ महिन्यातून एकदा येणार आणि तासाभरात ३० मुलं तपासणार. एका मुलाला दोन मिनिटं. त्यातून काय निघणार? प्रत्येक मुलाचे आपले डॉक्टर असतातच. आता आमचे डॉक्टर मुलं तपासत नाहीत, पाळणाघर तपासतात. लंगोट बदलायची जागा आणि ओटा यांत अंतर किती, मावशी साबणाने हात धुतात की सॅनिटायझरवर भागवतात, औषधाच्या बाटलीवर मुलाचं नाव आणि मात्रा आहे का, गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस (९ महिने पूर्ण झाल्यावर आणि १६ ते २४ महिन्यांत) कार्डावर दिसतात का. हमखास चूक सापडते ती आईच्या काढून ठेवलेल्या दुधात. बाटलीवर तारीख असते, वेळ नसते. ताजं दूध खोलीत फार तर चार तास चालतं. मग नुसत्या तारखेचा उपयोग काय?

मावशी बदलत राहतात, म्हणून घशात काही अडकलं तर काय करायचं याचा सराव दर तीन महिन्यांनी, बाहुलीवर. वर्षाखालचं बाळ असेल तर पाठीवर ५ थापा, मग छातीवर ५ दाब. पोट दाबायचं नाही. मोठ्या माणसाचा व्हिडिओ पाहिलेले नेमकं तेच करायला जातात.

सगळ्यात नाजूक काम बालविकास तज्ज्ञांचं. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आम्ही ‘एम-चॅट-आर’ ही ऑटिझमची शक्यता चाचपणारी प्रश्नावली वापरतो: २० प्रश्न, उत्तरं पालकांनी द्यायची. गुण ३ ते ७ आले तर आधी पुढचे खुलाशाचे प्रश्न विचारायचे असतात. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि कोणीतरी दारात, चपला घालता घालता, आईला ‘ऑटिझम’ म्हणून मोकळं होतं. ही चाळणी आहे, निदान नव्हे. म्हणून करारातच लिहिलं: पालकांची लेखी परवानगी आधी, बोलणं बंद खोलीत, मूल रोज सांभाळणाऱ्या ताईंसमोर, आणि स्वतःच्या क्लिनिकला पाठवायचं नाही. पुढच्या तपासणीसाठी तीन पत्ते द्यायचे, त्यांत एक सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा. या शेवटच्या अटीवर काही तज्ज्ञ निघून गेले. जाऊ दे.

दोन तज्ज्ञांचे सल्ले आपसात भांडतात, हेही व्हायचंच. आहारतज्ज्ञ प्रथिनांसाठी शेंगदाणे लिहितात, डॉक्टर अख्खा दाणा लहानांना नको म्हणतात. तोडगा आपल्या स्वयंपाकघरातच असतो: कूट. मध मात्र वर्षाखाली अजिबात नाही, चाटवायलाही नाही. इथे आजीबाईंची समजूत काढावी लागते.

आगीच्या बाबतीत नळकांड्यावर रिफिलचा स्टिकर म्हणजे सगळं झालं, असा समज असतो. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत लागतं. ते इमारत मालकाकडे मागायचं आणि प्रत फाइलला ठेवायची.

अहवाल एक पान, मराठीत, त्यात जास्तीत जास्त तीन बदल. मावशींना वाचता आला नाही तर तो आमच्या उपयोगाचा नाही. लिहिण्याचा तासही आम्ही फीमध्ये धरतो, नाहीतर अहवाल व्हॉट्सॲपवर दोन ओळींत येतो. पुढची भेट जुन्या तीन मुद्द्यांपासूनच सुरू होते. एखादा मुद्दा दोनदा राहिला तर बहुतेक वेळा हात कमी पडलेले असतात: तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक ताई हवी, आणि तिथे तेरा मुलं झालेली असतात. मग तज्ज्ञाला पुन्हा बोलवत नाही, कंपनीला आणखी एका पगाराचं कोटेशन पाठवतो.