५७ सेकंदांत नेमकं काय काय होतं

१९ सप्टेंबर २०२०, शनिवार. टूर द फ्रान्स या सायकल रेसची विसावी स्टेज, म्हणजे विसाव्या दिवसाची रेस. सकाळी मी टूर कोण जिंकणार त्याचा आकडा लॉक केला, रॉग्लिच ९१ टक्के, पोगाचार ९, आणि संध्याकाळी तो ९ वाला पिवळ्या जर्सीत, म्हणजे पहिल्या नंबरच्या जर्सीत, उभा होता. माझे अंदाज याआधीही चुकलेत, नंतरही चुकले, पण ही एक रेस डोक्यातून जातच नाही. म्हणून लिहून काढतोय.

माझं काम सायकल रेसचे अंदाज काढायचं. तीन आठवड्यांच्या रेसचं मॉडेल म्हटलं की लोकांना वाटतं कोण किती ताकदवान आहे त्याची यादी असेल आणि वरचा माणूस जिंकेल. तसं नसतं. २१ स्टेज असतात, त्यातल्या बऱ्याच दिवशी वर असलेले सगळे एकाच घोळक्यात फिनिश करतात आणि सगळ्यांना सेम टाइम मिळतो, सपाट स्टेजला शेवटच्या काही किलोमीटरमध्ये कोणी पडला तरी त्याला त्याच्या घोळक्याचाच वेळ देतात, म्हणजे त्या दिवसांतून जिंकण्याबद्दल काहीच कळत नाही. खरा फरक चार-पाच दिवसांतच पडतो. आमचा निम्मा वेळ जातो ते दिवस ओळखण्यात आणि उरलेला निम्मा हे मोजण्यात की कोण पडून, आजारी पडून घरी जाईल. १७६ जणांनी सुरुवात केली होती त्या वर्षी. कॉम्प्युटरवर तीच रेस हजारो वेळा पळवायची, कोण किती वेळा जिंकला ते मोजायचं, तो आपला टक्का. बास.

तर त्या सकाळची परिस्थिती. सगळ्या स्टेजच्या एकूण वेळेत प्रिमोश रॉग्लिच पुढे, त्याच्या मागे ५७ सेकंदांवर तादेय पोगाचार, दोघंही स्लोव्हेनियाचे. पोगाचार २१ वर्षांचा, दोन दिवसांनी २२ चा होणार. उरली होती एक टाइम ट्रायल, म्हणजे प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध पळायचं, आणि दुसऱ्या दिवशी पॅरिसची मिरवणूक, म्हणजे नावापुरती शेवटची स्टेज. टाइम ट्रायल ३६.२ किलोमीटर, लूर गावातून निघून ला प्लांश दे बेल फीयच्या माथ्यापर्यंत, शेवटचे ५.९ किलोमीटर सरासरी ८.५ टक्के चढ. आणि अख्ख्या टूरमध्ये वैयक्तिक टाइम ट्रायल ही एकच होती! म्हणजे तीन आठवडे रोज नवा डेटा येत होता, पण ज्या दिवशी निकाल लागणार त्या प्रकारचा एकही आकडा या रेसमधून आला नव्हता. जे काय माहीत होतं ते जुन्या रेसमधून.

जुन्या रेसमध्ये एक रेस अशी होती की मॉडेलला ती फारच आवडली. २०१९ ची व्हुएल्टा, म्हणजे स्पेनची तीन आठवड्यांची रेस, तिच्यातली पो या गावची टाइम ट्रायल, अंतर तेही ३६.२ किलोमीटरच. तिथे रॉग्लिच जिंकला होता आणि पोगाचार साधारण दीड मिनिट मागे होता. अंतर तेच, माणसं तीच, आणि यावेळी तर रॉग्लिचच पुढे. मॉडेल आणखी काय म्हणणार.

आमच्या टीममध्ये एक सहकारी होती, ती स्वतः रेसिंग करून आलेली. तिने सकाळी माझ्या स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "९१ जास्त आहे रे. जूनमध्ये यानेच त्याला हरवलंय ना?"

ती बोलत होती स्लोव्हेनियाच्या नॅशनल टाइम ट्रायलबद्दल. २८ जून २०२०, लॉकडाउननंतरच्या पहिल्या काही रेसपैकी एक, १५.७ किलोमीटर, शेवट पोक्ल्युकाच्या चढावर. पोगाचारने रॉग्लिचला नऊएक सेकंदांनी मागे टाकलं होतं. मी फाइल उघडली. ती ओळ होती तिथे, पण तिचं वेट, म्हणजे हिशोबातलं वजन, शून्य. आमचा नियमच होता, नॅशनल चॅम्पियनशिप घ्यायच्या नाहीत. नियम तसा अडाणी नव्हता, बहुतेक देशांत या रेसला मोजके चांगले लोक येतात, काही जण नुसती हजेरी लावतात, त्यातून रेटिंग बिघडतात. पण इथे जगातले दोन सगळ्यात भारी स्टेज रेसर एकमेकांविरुद्ध पळाले होते, आधी वेगाचा रस्ता आणि मग चढ अशाच आकाराच्या रस्त्यावर. मी सीनियरना विचारलं, घेऊया का? ते म्हणाले, "एका रेससाठी शेवटच्या दिवशी नियम बदलला तर त्याला मॉडेल म्हणायचं कशाला?" मला तेव्हा ते पटलं. आजही अर्धं पटतं, हाच तर त्रास आहे.

आकडा गेला. पुढे संपादकीयवाल्यांनी त्याचं काय केलं ते सांगतो, हेडलाइन आली की पिवळी जर्सी रॉग्लिचचीच. ९१ चं "च" करून टाकायची ही सवय मला आजही संताप आणते. ९ टक्के म्हणजे अकरातून एकदा. अकरातून एकदा होणाऱ्या गोष्टीवर माणसं आयुष्यात केवढी काळजी घेतात, आणि इथे ती एका अक्षरात पुसून टाकली.

टाइम ट्रायलला उलट्या क्रमाने सोडतात, शेवटचा रॉग्लिच, त्याच्या २ मिनिटं आधी पोगाचार. त्यामुळे प्रत्येक टायमिंग पॉइंटला आधी पोगाचारचा वेळ येतो आणि मग दोन मिनिटं नुसतं बसून राहायचं. लाइव्ह मॉडेल माझ्याकडे होतं. पहिल्या पॉइंटला पोगाचार थोडा पुढे, दहा-पंधरा सेकंदांनी. मॉडेल म्हणालं ठीक आहे, पोरगा जोरात निघालाय, नंतर दमेल. असं होतं खूपदा, सुरुवातीला मिळवलेले सेकंद शेवटी परत द्यावे लागतात, आणि तो हिशोब मी स्वतः बसवला होता, मला त्याचा अभिमान होता. चढाच्या पायथ्याशी फरक ३६. म्हणजे ५७ पैकी उरले २१. आणि माझ्या स्क्रीनवर अजून रॉग्लिच ६० टक्के!

का ६०? कारण तीनच दिवसांपूर्वी कोल द ला लोझच्या चढावर रॉग्लिचने पोगाचारला १५ सेकंदांनी मागे टाकलं होतं. त्या दिवशी मिगेल आंखेल लोपेस पहिला, रॉग्लिच दुसरा, पोगाचार तिसरा. १५ सेकंद आणि पहिल्या तिघांना मिळणाऱ्या बोनस सेकंदांच्या फरकाचे २, असे करूनच ४० ची लीड ५७ झाली होती. मॉडेलच्या डोळ्यांनी बघाल तर ताज्या पुराव्यानुसार चढावर रॉग्लिच बरा. सरळ हिशोब.

पायथ्याशी दोघांनी सायकल बदलली, टाइम ट्रायलची जड सायकल सोडून हलकी. पोगाचारची अदलाबदल सफाईने झाली. रॉग्लिचचं हेल्मेट तोवर कपाळावरून वर सरकलेलं, पेडल मारण्यात ती नेहमीची गोलाई नाही. माझ्या शेजारी ती सहकारी उभी होती, ती हळूच म्हणाली, "संपलं." मी म्हटलं अजून ६० दाखवतोय. ती काही बोलली नाही, स्क्रीनवरच्या त्याच्या खांद्यांकडे बोट दाखवलं फक्त. खांदे. माझ्या मॉडेलमध्ये खांद्यांचा कॉलम नाही.

मग कॅमेरा रॉग्लिचच्याच टीमच्या टॉम ड्युमुलाँ आणि वाउट व्हान आर्टवर गेला, दोघं बसून स्क्रीन बघतायत आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मला कळलं. माझा आकडा ५० च्या खाली आला तो त्यानंतर.

पोगाचारने स्टेज जिंकली, दुसऱ्या ड्युमुलाँवर १ मिनिट २१ सेकंदांनी. रॉग्लिच पाचवा, १:५६ मागे. टूरमध्ये पोगाचार ५९ सेकंदांनी पुढे. त्या चढाचा वेळ डोंगरांच्या जर्सीसाठी वेगळा मोजत होते, त्यातही हाच पहिला, त्यामुळे पिवळी, तरुणांची पांढरी आणि डोंगरांची ठिपक्यांची अशा तिन्ही जर्सी त्याच्याकडे. चढावर एकट्या रॉग्लिचवर त्याने साधारण १:२० काढले. मॉडेलने तिथे रॉग्लिचच बरा धरला होता.

सोमवारी मीटिंग. सीनियर म्हणाले, ९ टक्के दिले होते, ९ टक्के घडलं, पुढे चला. बाहेर लोक म्हणत होते मॉडेल फालतू आहे. मला दोन्ही पटेनात. लोकांचं जाऊ दे, त्यांना हेडलाइनच तशी दिली होती. पण सीनियरचं वाक्य जास्त खटकलं, कारण त्याच्या आड कुठलीही चूक लपते. ९० टक्क्यांचे शंभर अंदाज दिले आणि त्यातले दहाएक चुकले तर म्हणू आकडे बरोबर होते, पण असे शंभर प्रसंग आणायचे कुठून? वर्षात तीन आठवड्यांच्या रेस तीन. त्यात शेवटी टाइम ट्रायल, आणि एवढी जवळची लढत, अशा किती?

जुन्या रेस चाळल्या. १९८९, ग्रेग लेमाँड, पॅरिसच्या २४.५ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये लोराँ फिन्योंचे ५० सेकंद पुसले आणि ८ सेकंदांनी टूर जिंकली. २०११, ग्रेनोबलची टाइम ट्रायल, अँडी श्लेक पुढे, कॅडेल इव्हान्स मागे, आणि मध्ये किती होते माहितीये? ५७ च सेकंद. इव्हान्सने ते सहज पार करून टाकले, पण तेव्हा कोणाला धक्का बसला नव्हता, कारण श्लेक टाइम ट्रायलमध्ये कच्चा होता हे सगळ्यांना माहीत होतं. तेच ५७. तेव्हा कमी, इथे भरपूर. मग मी बसून २०२० चे ५७ उलगडले, एकेक स्टेज करून, आणि तिथे मला खरी गोष्ट दिसली.

सातव्या स्टेजला लावूरच्या रस्त्यावर आडवा वारा होता, घोळका तुटला, पोगाचार मागच्या तुकड्यात अडकला आणि १:२१ गमावले. तो दिवस पायांचा नव्हता, तो कोण कुठे उभा होता आणि सोबत किती माणसं होती याचा दिवस होता. ते १:२१ काढा, पोगाचार २४ सेकंदांनी पुढे होतो! दुसऱ्याच दिवशी पिरनीजच्या डोंगरांत त्याने चाळीसेक सेकंद परत ओढलेही होते. आणि लोझसारखे चढ? रॉग्लिचपुढे तीन आठवडे त्याची टीम वेग लावत होती, व्हान आर्ट, ड्युमुलाँ, सेप कस, एक संपला की दुसरा. पोगाचारचे फोर्मोलो आणि आरू दोघंही पहिल्या दहा स्टेजमध्येच घरी गेलेले, डोंगरात तो बऱ्याचदा एकटा, दुसऱ्यांच्या चाकाला लागून. आमच्या मॉडेलमध्ये रॉग्लिचचं जे चढाचं रेटिंग होतं त्यात ही सगळी माणसं मिसळलेली होती. टाइम ट्रायलच्या सकाळी ती सगळी गळून पडतात. रेटिंगमधून आम्ही ती गळू दिली नव्हती.

हे सगळं सुधारून मी तीच सकाळ परत पळवली. पोक्ल्युका घेतली, लावूरचा वारा वेगळा काढला, टीमची मदत वजा केली. आकडा आला, रॉग्लिच ७६. म्हणजे तरीही रॉग्लिचच. अजून खाली आणायचा तर मला असे बदल करावे लागत होते जे फक्त निकाल माहीत असल्यावरच सुचतात, आणि उत्तर बघून पेपर सोडवायचा तर मग कशाला सोडवायचा. पण ९१ आणि ७६ मध्ये फरक आहे. ७६ वर "च" लागत नाही.

एकट्याने चढायचं रेटिंग आता आम्ही वेगळं ठेवतो. २०२३ च्या जिरोत, म्हणजे इटलीच्या तीन आठवड्यांच्या रेसमध्ये, २७ मे ला मोंते लुसारीची चढाची टाइम ट्रायल होती, गेरेंट थॉमस पुढे, रॉग्लिच २६ सेकंद मागे. आमचा आकडा तेव्हा जवळजवळ बरोबरीचा होता. चढावर रॉग्लिचची चेन पडली, थांबला, लावली, तरी थॉमसला ४० सेकंदांनी हरवलं आणि जिरो १४ सेकंदांनी जिंकला. मी खूप वेळ उठलोच नाही जागेवरून. त्या माणसासाठी बरं वाटलं, मनापासून.

नॅशनल्सची फाइल अजून माझ्याकडेच आहे. पोक्ल्युकाच्या ओळीचं वेट शून्याचं ०.३ केलं, मग एकदा ०.५, परत ०.३. ती सहकारी म्हणते १ कर आणि झोप.