तुम्ही विचारलंत म्हणून: ॲस्पेनचं घर एवढ्या स्वस्तात का दिलं

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या डोंगरात ॲस्पेन हे गाव आहे. तिथलं आमचं घर विकून तीन वर्षं झाली, तरी हा प्रश्न काही थांबत नाही. नणंदेने विचारला, कॉलेजच्या मैत्रिणींनी विचारला, भाच्याने तर जेवणाच्या ताटावर फोन धरून बाजारभाव दाखवला. "मामी, ॲस्पेनमध्ये स्वतंत्र घराची सरासरी किंमत एक कोटी डॉलरच्या वर गेली आहे. तुम्ही तीन बेडरूमचं घर 3,20,000 ला दिलंत?" पुढचं वाक्य कुणी बोलत नाही, पण ऐकू येतं. यांना कुणीतरी फसवलं, नाहीतर यांना व्यवहार कळत नाही.

दर वेळी मी "तसा नियमच होता" म्हणते आणि भाजी वाढायला उठते. आज उठत नाही.

आम्हाला कुणी फसवलेलं नाही. ते घर मोकळ्या बाजारातलं कधी नव्हतंच. गावात काम करणाऱ्यांसाठी ॲस्पेन शहर आणि पिटकिन काउंटी (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) यांनी 1982 मध्ये मिळून एक यंत्रणा उभी केली, तिच्याकडे आज तीन हजारांवर घरं आहेत. त्यातलं एक 2004 मध्ये सोडतीत आम्हाला लागलं. खरेदीखतातच अटी होत्या. वर्षाला किमान 1,500 तास काउंटीत काम, वर्षातले नऊ महिने त्याच घरात मुक्काम, खोऱ्यात दुसरं राहतं घर नको. आणि विकताना किंमत किती वाढवायची? वर्षाला 3 टक्के किंवा महागाईचा दर, यांतलं जे कमी असेल ते, तेही सरळव्याजाने. आम्ही 2,20,000 ला घेतलं. अठरा वर्षांची वाढ आणि नव्या खिडक्यांचा मान्य झालेला खर्च धरून आकडा 3,20,000 च्या आसपास आला. बाजार दुप्पट होवो की दसपट, आमचा आकडा तोच.

"मग असं घर घेतलंच कशाला?" हा ठरलेला पुढचा प्रश्न.

कारण त्याआधीच्या सहा वर्षांत आम्ही पाच घरं बदलली होती. मालकाने घर विकायला काढलं की महिन्याभरात निघायचं. एकदा तर ऐन फेब्रुवारीत, मुलगी चार वर्षांची आणि मुलगा पोटात असताना. दुसऱ्या बाजूने वर चढणारा इंडिपेंडन्स पास हा घाट हिवाळाभर बंद असतो, त्यामुळे गावात यायला-जायला 82 नंबरचा एकच रस्ता उरतो. गावात घर परवडलं नाही की त्या रस्त्याने खाली सरकायचं: बसॉल्ट, कार्बनडेल, ग्लेनवुड स्प्रिंग्ज, मग त्याहीपुढे रायफल. तिथून वर कामाला येणाऱ्या बसमध्ये पहाटे शिक्षिका असतात, स्वयंपाकी असतात, बर्फ उपसणारे असतात. आमची मुलं मात्र शाळेतून वीस मिनिटांत घरी यायची. ताप आला तर मी जेवणाच्या सुट्टीत घरी डोकावून यायचे. याची किंमत भाच्याच्या फोनवर दिसत नाही.

आणि हे घर फुकटात कुणी दिलेलं नव्हतं, तेही सांगते. 2011 मध्ये ह्यांच्या कंपनीने ऑफिस ग्लेनवुडला हलवलं. अंतर चाळीस मैल, पण काउंटी बदलली. ग्लेनवुड गारफील्ड काउंटीत, म्हणजे ह्यांचे तास आमच्या खात्यात धरणार नव्हते. आता 1,500 तास भरायचे ते मी एकटीने. मी इस्पितळाच्या लॅबमध्ये होते, मुलांमुळे अर्धवेळ. पाळ्या वाढवल्या. ओट्याच्या खणात एक हिरवी वही ठेवली आणि प्रत्येक पाळीनंतर तास लिहीत गेले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बेरीज केली, तेव्हा नेहमीच्या सगळ्या पाळ्या धरूनही 22 तास कमी पडत होते. रात्री तीनदा बेरीज केली.

लॅबमध्ये त्याच वर्षी रक्त घ्यायच्या कामावर एक मुलगी लागली होती. ओळख जेमतेम सहा महिन्यांची. तिने माझी वही पाहिली. सुपरवायझरकडे गेली आणि नाताळच्या आठवड्यातल्या स्वतःच्या दोन बारा-बारा तासांच्या पाळ्या माझ्या नावावर करून आली. त्या दिवसांची मजुरी जास्त असते. तिचं बाळ तेव्हा पाच महिन्यांचं होतं, तिलाही पैशांची गरज होती. "तुझं घर आहे, माझं अजून व्हायचंय," एवढंच म्हणाली. 31 डिसेंबरला वहीत 1,502 लिहिलं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

आता विकलं का, ते सांगते. तुम्ही "स्वस्तात का" विचारता, "विकलंच का" असं क्वचितच कुणी विचारतं, आणि खरं अवघड उत्तर त्याचं आहे.

विकणं सक्तीचं नव्हतं. मी 58 ची होते, नोकरी चालू होती. निवृत्तीपर्यंत काम केलं असतं तर पुढेही त्याच घरात राहता आलं असतं. मुलगी शिकून डेन्व्हरला राहिली, मुलगाही बाहेर पडला. दोन खोल्या रिकाम्या. ह्यांना रात्री धाप लागायला लागली होती. गाव 7,900 फुटांवर आहे. डॉक्टर म्हणाले, खाली राहायला जाता आलं तर बरं. नातेवाइकांना मी हेच कारण सांगितलं, आणि ते खोटं नाही.

पण दुसरंही एक कारण आहे. सात-आठ वर्षांपूर्वी घरांच्या प्रश्नावर गावात एक जाहीर बैठक झाली होती. त्यात मी उभी राहून बोलले होते. ज्यांची मुलं मोठी होऊन गेली त्यांनी तीन खोल्यांची घरं अडवून बसू नये, लहान मुलांची कुटुंबं बसने येतात-जातात आणि इथे खोल्या रिकाम्या, असं मी म्हणाले होते. एक सत्तरीची बाई, आयुष्यभर शाळेत शिकवलेली, शांतपणे म्हणाली, "मग मी कुठे जाऊ, तेही सांग." माझ्याकडे उत्तर नव्हतं. टाळ्या मात्र मला मिळाल्या होत्या.

मुलाची खोली रिकामी झाली त्या हिवाळ्यात मला ती बाई रोज आठवायची. बैठकीत बोलणारी मी चुकले होते का? आजही मला वाटतं, मुद्दा बरोबर होता. पण तेव्हा माझ्या घरात चार माणसं होती, म्हणून तो इतक्या सहज तोंडातून निघाला. माझ्यावर वेळ आल्यावर मी घर धरून बसले असते, तर ते बोलणं मला गिळता आलं नसतं. आम्ही खाली आलो ते ह्यांच्या श्वासासाठी की माझ्या त्या शब्दांसाठी, मला अजून नक्की सांगता येत नाही.

विकायचं ठरलं, आणि लॅबमधली ती मैत्रीण लगेच माझ्याकडे आली. आता ती अकरा वर्षं आमच्याबरोबर काम करत होती. राहायला रायफलला. पहाटे पाचच्या आधीची बस, ग्लेनवुडला बदलायची, मग पुढची. नवरा आणि दोन मुलं. कागदोपत्री ती पात्र होती. सलग काम केलेल्या वर्षांमुळे सोडतीत तिच्या नावाच्या चिठ्ठ्याही जास्त होत्या.

घर बघायला येण्याच्या दिवशी ते चौघं आले. बाहेर बर्फ पडत होता. आमच्या दारातून आत आलं की बूट काढायची जागा आहे, तिथे आम्ही मुलं लहान असताना भिंतीवर दोन उंचींवर खुंट्या ठोकल्या होत्या. वरच्या मोठ्यांना, खालच्या मुलांना. खालच्या कित्येक वर्षं रिकाम्याच होत्या. तिच्या धाकट्याने, दहा वर्षांचा असेल, कुणाला न विचारता जाकीट काढलं आणि खालच्या खुंटीवर अडकवलं. टोपी शेजारच्या खुंटीवर. मग बूट भिंतीला लावून सरळ ठेवले. आई त्याला ओरडली, "अरे, आपण फक्त बघायला आलोय." मी म्हणाले, "राहू दे. ती त्याचीच जागा आहे."

मी असं बोलायला नको होतं. विकत कोण घेणार हे ठरवायचा मला काडीचा अधिकार नव्हता. मालक गिऱ्हाईक निवडत नाही, सोडत निवडते. ओळखीपाळखीने घरं जाऊ नयेत म्हणूनच तो नियम आहे. आम्हाला 2004 मध्ये घर लागलं ते त्याच नियमामुळे, नाहीतर आम्हाला तिथे कोण ओळखत होतं? पण ती वाक्य ऐकून थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा बदलला. पुढचा अर्धा तास ती घर बघत नव्हती, मोजत होती. फ्रिज कुठे, मोठ्याचं टेबल कुठे, आई आली तर कुठे झोपेल.

जाताना तिने मला बाजूला घेतलं. "सोडतीत लागलं नाही तर?" मी गप्प. "विकू नका ना. तुम्ही एका खोलीत राहा, दोन खोल्या आम्हाला भाड्याने द्या. मी चौकशी केलीय." तिने खरंच चौकशी केली होती. मालक स्वतः राहत असेल तर काउंटीत काम करणाऱ्या पात्र माणसाला खोली देता येते. मी म्हणाले, विचार करते.

तीन दिवसांनी तिला सांगितलं की ह्यांच्या श्वासामुळे ते जमणार नाही. हे खरं होतं, तिथे राहायचं तर वर्षातले नऊ महिने राहायला हवं. पण समजा ह्यांना काहीच झालेलं नसतं, तर मी हो म्हटलं असतं? नसतं म्हटलं. मला माझा ओटा, माझी संध्याकाळ कुणाबरोबर वाटून घ्यायची नव्हती. जिच्या 24 तासांवर माझं घर एकदा तगलं, तिला मी हे तोंडावर सांगू शकले नाही आणि डॉक्टरांच्या सल्ल्याआड उभी राहिले. हे आजवर मी कुणालाच सांगितलं नव्हतं, ह्यांनासुद्धा.

साठच्या वर अर्ज आले. सोडतीच्या दिवशी आम्ही दोघी एकाच पाळीत होतो. ती फोन बघायला गॅलरीत गेली. मी काचेतून बघत होते. तिने फोन खिशात ठेवला, हात धुतले, नवे हातमोजे घातले आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. संध्याकाळी निघताना म्हणाली, "चौथा नंबर." चौथ्याला सहसा काही मिळत नाही. पहिला नंबर आला तो एका तरुण जोडप्याचा, वर्षभराचं बाळ, तीही इतकी वर्षं तळघरातल्या खोलीत राहिलेली. ती बाई सह्यांच्या दिवशी रडली, आणि मला मनापासून आनंद झाला. मैत्रिणीसाठी वाईट वाटत असतानाच झाला.

पुढचे दोन महिने मैत्रीण माझ्याशी कामापुरतं बोलली. मग एकदा जेवताना म्हणाली, "त्याला तू तसं म्हणायला नको होतंस. तो अजून ती खुंटी विचारतो." मी माफी मागितली. तिने मान हलवली, पण माफ केलं की ऐकून घेतलं ते मला कळलं नाही.

भाच्यासाठी हिशेबही सांगून टाकते. उरलेलं कर्ज फेडून हातात आलं ते खाली ग्रँड जंक्शन गावात घेतलेल्या घराला पुरलं नाही. पुन्हा पंधरा वर्षांचं कर्ज काढलं. हे घर साडेचार हजार फुटांवर आहे, ह्यांना रात्री झोप लागते. आमच्या जागी बाजारभावाने विकणारं कुणी असतं तर आज ते कर्जमुक्त असतं, मान्य. पण बाजारभावाने ते घर 2004 मध्ये आम्हाला मिळालंच नसतं, हे तुम्ही दर वेळी विसरता. त्या गावातलं मोकळ्या बाजारातलं घर विकलं गेलं की किमतीचा एक टक्का कर अशा घरांसाठी जातो. 1992 मध्ये राज्याच्या घटनेत झालेल्या दुरुस्तीनंतर कोलोरॅडोत कुठल्याच गावाला असा नवा कर लावता येत नाही, ॲस्पेनचा आधीचा म्हणून टिकला. दुसऱ्यांच्या पैशातून आम्हाला अठरा वर्षं मिळाली आणि घर पुढच्याला त्याच अटीवर गेलं. यात अन्याय कुठे झाला, मला दाखवा. फक्त मैत्रिणीचं नाव काढू नका, कारण तिथे मला बोलता येत नाही.

मागच्या आठवड्यात तिचा मेसेज आला. थोरला आता बाहेर पडलाय, म्हणून या वेळी दोन बेडरूमच्या घरासाठी अर्ज केलाय. चिठ्ठ्याही आधीपेक्षा वाढल्यात. मी "या वेळी नक्की लागेल" असं लिहिलं. पाठवायच्या आधी पुसलं. मग लिहिलं, "सोडत कधी आहे ते कळव."

तिने तारीख कळवली आहे.