सिस्टर अ‍ॅडमिट झाल्या की

वॉर्डात एखादी नर्स पेशंट म्हणून आली की ती लपत नाही. "मी पण स्टाफच" असं तिने सांगितलं नाही तरी सलाईन लावताना तिची नजर सुईवर नसते, ड्रिप चेंबरमधल्या थेंबांवर असते. मनातल्या मनात मोजत असते. अशा पेशंटबद्दल ड्युटी रूममधला शेरा ठरलेला: "फार शहाणपणा करतात." मला तो पटत नाही. हॉस्पिटलचा गाऊन अंगावर चढला तरी तिची ड्युटी सुटत नाही आणि आपणही तिला पुरतं पेशंट मानत नाही, घोळ तिथे होतो. शेजारच्या कॉटवरच्या आजींच्या बाबतीत कधी राहिल्या नसत्या अशा साध्यासाध्या गोष्टी तिच्या बाबतीत राहून जातात.

मुळात ती येते उशिरा. ड्युटीत पाणी कमी, लघवी दाबून ठेवायची सवय. जळजळ सुरू झाली की कुणाच्या तरी पर्समध्ये अँटिबायोटिकच्या दोन-चार गोळ्या असतातच. दोन घेतल्या, बरं वाटलं, बंद. मग चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आणि कंबरेच्या वर एका बाजूला दुखणं. आता लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) पाठवलं तर त्यात अनेकदा काही उगवत नाही, आणि कोणतं औषध लागू पडेल हे अंदाजाने ठरवावं लागतं. नमुना पहिल्या गोळीच्या आधी घ्यायचा, हे ती रोज दहा पेशंटना सांगते. कंबरदुखीचंही तेच: उभ्याउभ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन, तेही रिकाम्या पोटी आणि अर्ध्या तांब्या पाण्यावर, म्हणजे पोट आणि किडनी दोन्हींवर ताण.

डेंग्यूत हा उशीर जास्त महागात पडतो. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो आणि सिस्टर ड्युटीवर हजर होतात. रक्तवाहिन्यांमधून पाणी झिरपण्याचा धोक्याचा काळ नेमका तेव्हा सुरू होतो. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेली उलटी, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं, लघवी कमी होणं, यातलं एक जरी दिसलं तरी ताप नाही म्हणून खूश व्हायचं कारण नाही. रिपोर्ट हातात आला की सगळ्यांचे डोळे प्लेटलेटवर, आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्ताचा घट्टपणा दाखवणारा आकडा, चढतोय हे कुणी बघत नाही. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट साधारण १०,०००च्या खाली जाईपर्यंत चढवाव्या लागत नाहीत. पण चढता हिमॅटोक्रिट आणि पडती लघवी यांना वाट बघायला वेळ नसतो.

कॅज्युअल्टीत आल्यावर ती तक्रार सांगत नाही, निदान सांगते. "रेनल कॉलिक आहे, डॉक्टर," म्हणजे मुतखड्याची कळ. नवखा रेसिडेंट डॉक्टर तेच फाइलवर उतरवतो आणि मग सगळ्या तपासण्या त्या एका शब्दामागे धावतात. अशा वेळी सरळ सांगावं: सिस्टर, निदान राहू द्या, बोटाने दाखवा कुठे दुखतंय. कधीपासून, सरकलं का, काय केल्यावर वाढतं, पाळी कधी आली होती, काय काय औषधं स्वतःहून घेतली. शेवटचा प्रश्न दोनदा विचारावा. पहिल्यांदा उत्तर "काही नाही" असंच येतं.

आता सलाईन. इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. इंट्राकॅथ (शिरेत बसवायची प्लास्टिकची नळी, म्हणजेच कॅन्युला) लावायच्या आधीच ती शीर निवडून देते आणि विद्यार्थिनीचा हात थरथरायला लागतो. शीर तिने जरूर दाखवावी, पण मनगट आणि कोपराची घडी टाळून, ज्या हाताने जेवतो तो सोडून दुसऱ्या हाताचा कोपर आणि मनगट यांच्यामधला भाग बघावा. साध्या औषधांना निळी २२ किंवा गुलाबी २० नंबर चालते, ऑपरेशन किंवा रक्त द्यायचं असेल तर हिरवी १८; नंबर जितका लहान तितकी नळी जाड. "मला बारीकच लावा" म्हणून हट्टाने निळी लावून घेतली की ऑपरेशन थिएटरमध्ये दुसरी टोचावी लागते.

मग रोलर, म्हणजे सलाईनचा वेग कमीजास्त करायचं नळीवरचं चाक. साध्या सेटला (सलाईनच्या नळीला) मिलीला २० थेंब. ५०० मिलीची बाटली ४ तासांत द्यायची तर मिनिटाला साधारण ४२ थेंब, ८ तासांत द्यायची तर २१. सिस्टरना बाटली लवकर संपवून हात मोकळा करायचा असतो, बाथरूमला जायचं असतं, म्हणून कुणी बघत नसताना अंगठा रोलरवर जातो. नुसत्या नॉर्मल सलाईनला निभावून जाईल. पण त्या बाटलीत पोटॅशियम क्लोराइडचा १० मिलीचा एक अँपूल, म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट टाकलेला असू शकतो. हाताच्या शिरेतून, मॉनिटर नसताना, ताशी १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर जायचं नाही. रोलर पूर्ण सोडला तर बाटली तासाभराच्या आत रिकामी, म्हणजे दुपटीहून जास्त वेग. शीर जळते ते वेगळंच, हृदयाचे ठोके बिघडतात. व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक १ ग्रॅम तासाभरापेक्षा कमी वेळात गेलं तर चेहरा-मान लाल, खाज, कधी बीपी पडतं, आणि मग फाइलवर कायमची 'अ‍ॅलर्जी' लागते जी मुळात अ‍ॅलर्जी नसते. म्हणून बाटलीवर औषध, सुरू केल्याची वेळ आणि थेंब असं लेबल तिच्या डोळ्यांसमोर येईल असं लावावं. ती ते वाचतेच. वाचल्यावर हात लावत नाही.

बाथरूमला जाताना स्वतःच सेट सोडवून, टोक स्टँडवर तसंच लटकवून जाणं हा दुसरा प्रकार. परत आल्यावर तेच टोक जोडायचं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिने त्याला वॉर्डभर ऐकवलं असतं. टोक उघडं राहिलं की सेट बदलायचा. कॅन्युलाचं तोंड स्पिरिटने १५ सेकंद घासून, वाळू देऊन मगच जोडायचं.

युरोबॅग, म्हणजे लघवी साठायची पिशवी, मात्र सगळ्यांच्या वरताण. मावशींना कशाला त्रास, म्हणून सिस्टर स्वतःच पिशवी रिकामी करतात आणि मोजलेलं कुणाला सांगत नाहीत. ६० किलो वजनाच्या बाईला तासाला निदान ३० मिली लघवी व्हायला हवी, आठ तासांच्या शिफ्टला २४०. समजा पहाटे तिने ४०० मिली ओतून टाकली. चार्टवर दिसतं ५०. राउंडला चेहरे गंभीर होतात, सलाईन वाढतं, किडनीसाठी क्रिएटिनिनची तपासणी पाठवली जाते, एखादा लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइडही लिहितो. आणि ती मात्र "मला तर व्यवस्थित होतेय" म्हणत बसलेली. उपाय सोपा आहे: मोजायचं भांडं तिच्या हाताशी ठेवा, इनटेक-आउटपुटचा कागद आणि पेन तिलाच द्या. लिहायला दिलं की ती चुकत नाही.

बेल ती वाजवत नाही. रात्री वॉर्डात किती जणी आहेत हे तिला ठाऊक असतं. दुखणं दहापैकी किती म्हटलं तर "तीन". हा आकडा ऐकून पुढे जाऊ नका. पोटाच्या टाक्यांवर उशी दाबून धरायला सांगा आणि खोकायला लावा. खोकता येत नसेल, श्वास अर्ध्यात तुटत असेल, तर तीन खोटे. वरवरच्या श्वासाने फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो. पॅरासिटामॉल तिच्यासाठी 'लागल्यास' असं लिहूच नये, कारण ते कधी लागतच नाही. दर ६ तासांनी १ ग्रॅम, १५ मिनिटांत शिरेतून, घड्याळाप्रमाणे. यकृत ठीक असेल आणि वजन ५० किलोच्या वर असेल तर.

पहिल्यांदा उठणं तर ती पहाटे पाचला, सगळे झोपलेले असताना उरकते. कमरेत भूल दिली असेल तर आधी पाय सरळ वर उचलता यायला हवा. मग दोन-तीन मिनिटं पाय खाली सोडून बसायचं, झोपून आणि उभं राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला बीपी बघायचं. वरचा आकडा २० ने खाली आला तर परत झोपायचं. बाथरूमच्या दारात चक्कर येऊन पडलेल्या सिस्टरना उचलायला दोन माणसं लागतात, हे तिला सांगितलेलं चालतं.

आता आपली बाजू. "सिस्टर, तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला सगळं माहितीये." या एका वाक्यात कन्सेंटचं समजावणं जातं, हातावरच्या पट्टीवरचं नाव तपासणं जातं, अ‍ॅलर्जी विचारणं जातं. वीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काढलेल्या बाईला स्टोमा बॅग (पोटावरच्या छिद्राला लावलेली शौचाची पिशवी) कशी बदलायची हे माहीत असेलच असं नाही, आणि विचारायची तिला लाज वाटते. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स अरुणा शानबाग, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या, तिथेच १९७३ पासून मे २०१५ पर्यंत नर्सेसच्या हातात होत्या. सदतीस वर्षांत त्यांना एकही बेडसोअर (पडून राहून होणारी जखम) झाला नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात आहे. त्यांना काही सांगता येत नव्हतं, त्यामुळे काही गृहीतही धरलं गेलं नाही. कूस बदलणं, भरवणं, पुसणं, सगळं ठरल्या वेळी. बोलता येणाऱ्या सिस्टरच्या वाट्याला हेच येत नाही.

स्वतःच्याच हॉस्पिटलमध्ये दाखल असेल तर फाइल काउंटरवर ठेवू नका. शिफ्ट बदलताना भेटायला येणारी प्रत्येक जण सहज पान उलटते. पेशंटला वापरलेली सुई चुकून टोचलेल्या सिस्टरच्या बाबतीत तर ही भीतीच तिला गप्प बसवते. साबण-पाण्याने धुणं, पिळायचं नाही, आणि एचआयव्ही प्रतिबंधाची गोळी शक्यतो २ तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत, पुढे २८ दिवस; हे तिला पाठ असतं. तरी मळमळ होते म्हणून दहाव्या दिवशी ती बंद करते आणि सांगत नाही. कुणीतरी एकीने, फक्त एकीने, दर आठवड्याला फोन करावा.

डिस्चार्ज ती मागून घेते. घरी गॅसचा भरलेला सिलेंडर सरकवणं आणि वॉर्डात पेशंट उचलणं यात टाक्यांना फरक कळत नाही. फिटनेस सर्टिफिकेटवर नुसतं 'फिट फॉर ड्युटी' लिहिलं तर पहिल्याच दिवशी ती ट्रॉली ढकलताना दिसेल. पोटाचं मोठं ऑपरेशन असेल तर 'सहा आठवडे वजन उचलणं नाही, पेशंट शिफ्टिंग नाही' असं शब्दांत लिहून घ्यावं, आणि तो कागद मेट्रनच्या टेबलावर तिने नव्हे, दुसऱ्या कुणीतरी नेऊन ठेवावा.