जोशुआ ट्री बीपासून वाढवताना

जोशुआ ट्री म्हणजे अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या वाळवंटातलं टोकदार पानांचं झाड. त्याचं बी सहज रुजत नाही असा बऱ्याच जणांचा समज असतो, वाळवंटातलं झाड म्हटल्यावर बियांना आगीची धग द्यावी लागेल नाहीतर महिनाभर फ्रीजमध्ये ठेवावं लागेल असं वाटतं. यातलं काहीही लागत नाही. बी रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचं, दुसऱ्या दिवशी साधारण 1 सेंटिमीटर खोल पेरायचं, 20 ते 25 डिग्रीला ठेवायचं, एक-दोन आठवड्यांत हिरवं पातं वर. एकच पातं येतं आणि ते इतकं साधं दिसतं की गवत समजून कोणीही उपटून टाकेल, म्हणून कुंडीवर आधीच नाव लिहून ठेवा आणि घरच्यांनाही सांगून ठेवा.

मी लास वेगासला राहते, रेड रॉक कॅन्यनच्या बाजूला, त्यामुळे माझ्याकडे पूर्वेकडची जात आहे, युक्का जेगेरियाना. कॅलिफोर्नियात पश्चिमेला दिसते ती युक्का ब्रेविफोलिया, उंच वाढते आणि बरीच वर जाऊन फांद्या फुटतात, आमची बुटकी आणि खालपासूनच गच्च फांद्यांची. बी दोन्हीचं काळं, चपटं, टिकलीएवढं. बिया नर्सरीतूनच घ्या प्लीज, नॅशनल पार्कातून पडलेलं फळसुद्धा उचलायला बंदी आहे आणि ती बंदी योग्यच आहे.

कारण ते एक बी तयार व्हायला काय काय जुळून यावं लागतं ते बघा. या झाडाचं परागीकरण मधमाशी करत नाही, वारा करत नाही, फक्त एक छोटासा पतंग करतो, पूर्वेकडच्या झाडाचा वेगळा आणि पश्चिमेकडच्याचा वेगळा. मादीच्या तोंडापाशी खास सोंडेसारखे अवयव असतात, त्यांनी ती पराग गोळा करते, गोळी करून घेऊन जाते, दुसऱ्या फुलाच्या बीजकोशात अंडी घालते आणि मग मुद्दाम, हो मुद्दामच, तिथे पराग भरते म्हणजे बिया धरतील आणि पिल्लांना खायला मिळेल. अळ्या काही बिया खातात, बाकीच्या झाडाला राहतात. मला तर हे वाचल्यावर हातातल्या बियांकडे बघायची नजरच बदलली. नेवाडातल्या टिकाबू व्हॅलीत दोन्ही जाती आणि दोन्ही पतंग शेजारीशेजारी आहेत, शास्त्रज्ञ तिथे ठाण मांडून असतात यात नवल नाही.

बरं, फळ पिकल्यावर आपोआप फुटतही नाही. हल्ली खारी आणि उंदीर ते फोडतात, बिया पुरून ठेवतात, आणि खायच्या राहिल्या त्या रुजतात. हजारो वर्षांपूर्वी इथे जमिनीवर चालणारे अवाढव्य स्लॉथ (आज झाडांवर लटकणाऱ्या संथ प्राण्यांचे नातेवाईक) होते आणि ते हे झाड खायचे, वेगासजवळच्या जिप्सम केव्हमध्ये त्यांची वाळलेली विष्ठा सापडली आणि त्यात जोशुआ ट्रीचे अवशेष निघाले!

आता खरं अवघड काम, म्हणजे रुजल्यानंतरची वर्षं. कुंडी खोल घ्या, मूळ आधी खाली धावतं आणि वर मात्र बराच काळ काही घडत नाहीये असं वाटतं. मातीत निम्म्याहून जास्त जाड वाळू किंवा प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखीचा दगड), शेणखत-बिणखत नको. माती पूर्ण वाळली की मगच भरपूर पाणी, रोज थोडं थोडं घातलंत तर बुरशी येऊन कोवळं रोप बुडाशी सडतं. ऊन हवंच पण पहिल्या उन्हाळ्यात दुपारी सावली द्या, निसर्गातही ही रोपं दुसऱ्या झुडपाच्या आडोशानेच वाढतात. जमिनीत लावलं की चारी बाजूंनी जाळी, ससे एका रात्रीत फडशा पाडतात. वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर वाढ, फूल यायला कित्येक दशकं.

म्हणूनच सिमा डोमची आग मनातून जात नाही. लॉस एंजेलिसला जाताना आय-15 महामार्ग सोडून थोडं आत गेलं की मोजावे प्रिझर्व्ह या संरक्षित वाळवंटातल्या सिमा डोमवर ते घनदाट जोशुआचं रान होतं, ऑगस्ट 2020 मध्ये वीज पडली, साधारण 43,000 एकर जळालं आणि अंदाजे 13 लाख जोशुआ ट्री गेले. नंतर पार्कवाल्यांनी स्वयंसेवकांबरोबर तिथे रोपं लावली, सामान आणि पाणी न्यायला चक्क उंट आणले होते. त्यातली बरीच रोपं जगली नाहीत, पण मला ते काम फार मोलाचं वाटतं, कोणीतरी बी रुजवून हातात रोप तयार ठेवलं होतं म्हणून तर ते करता आलं.

पुण्याहून मावशी नेहमी विचारते, आमच्या गच्चीत येईल का गं? येईल की, घायपात आणि निशिगंध याच्याच नात्यातले आहेत. फक्त तिकडे तो पतंग नाही, त्यामुळे पुढे कधी फुललंच तरी बी धरणार नाही. पेरायचं तर पावसाळा संपल्यावर पेरा, आणि जून ते सप्टेंबर कुंडी पत्र्याखाली, जिथे पाऊस लागणार नाही पण उजेड भरपूर येईल अशा ठिकाणी सरकवा.