पुढे किती, मागे किती

नोकरीची चौतीस वर्षे मी बडोद्याजवळच्या एका कारखान्यात दाबमापक आणि तापमापक तपासण्यात घालवली. एखादे उपकरण चुकते एवढे कळून माझे कधी भागले नाही. ते किती चुकते, कोणत्या बाजूला चुकते, आणि रोज तेवढेच चुकते की लहर लागेल तसे, हे वहीत उतरल्याशिवाय मी त्यावर तपासणीची चिठ्ठी लावत नसे. अशा माणसाने निवृत्तीनंतर हौसेने घेतलेले घड्याळ दिवसाला पंधरावीस सेकंद चुकावे, याचे घरात यथेच्छ हसे झाले. साधे सेलचे घड्याळ महिन्याभरात चुकत नाही एवढे हे एका दिवसात चुकते, हा मुलीचा हिशेब बरोबर होता. माझाही एक हिशेब होता, पण तो ऐकायला कोणी थांबले नाही, म्हणून तो इथे मांडतो. दिवसाचे सेकंद 86,400. त्यांतले वीस चुकले तर चूक झाली 0.023 टक्के. कारखान्यात एक टक्का चुकणारा दाबमापक मी बिनदिक्कत पास करत असे. एक गुंडाळलेली कमान, मूठभर दातेरी चाके आणि पुढेमागे डोलणारे एक तोलचक्र एवढ्या सामग्रीवर, विजेचा थेंबही न वापरता, एखादे यंत्र चार हजारांत एकापेक्षा कमी चुकते, ही मला चेष्टेची गोष्ट वाटत नाही.

घ्यायचे ठरवताना रक्कम पंधरा हजारांच्या आत ठेवली होती. प्रथम मोह पडला तो जुन्या एच.एम.टी.चा. बंगळूरच्या कारखान्यात 1961 पासून जपानी सिटिझनच्या सहकार्याने घड्याळे तयार होऊ लागली आणि पुढे आमच्या पिढीची मनगटे त्यांनीच व्यापली. आज मात्र बाजारात मिळणाऱ्या कित्येक जुन्या घड्याळांची तबकडी नव्याने रंगवलेली, काटे एकाचे आणि यंत्र दुसऱ्याचे असते. त्यांच्या चकाकीवर माझा विश्वास बसेना. ज्या उपकरणाचा इतिहास ठाऊक नाही, त्याच्या चुकीचा अर्थ लावता येत नाही.

मग राहिले सैको या जपानी कंपनीचे सैको 5. हे नाव 1963 पासून चालत आले आहे. पाच म्हणजे कंपनीने दिलेली पाच वचने, त्यांत आपोआप किल्ली बसणे, वार आणि तारीख एकाच खिडकीत दिसणे, पाण्यापासून बचाव अशी मंडळी येतात. रावपुऱ्यात, टॉवरच्या अलीकडे एका दुकानात मी दोन घड्याळे शेजारी ठेवून तासभर बसलो. (राणी चिमणाबाईंच्या स्मरणार्थ 1896 मध्ये बांधलेल्या त्या मनोऱ्याला बडोदेकर नुसते टॉवर म्हणतात.) महागात नवे यंत्र होते, 4आर36, त्याला हाताने किल्ली देता येते आणि चावी ओढली की सेकंदकाटा थांबतो. स्वस्तात जुने 7एस26, ज्यात या दोन्ही सोयी नाहीत. पण महागाच्या पुस्तिकेतही दिवसाला 45 सेकंद पुढे ते 35 सेकंद मागे अशी मुभा कंपनीने स्वतःला घेऊन ठेवलेली होती. सेकंदकाटा अचूक लावून मग तो पाऊण मिनिट पळू द्यायचा असेल, तर जास्तीचे पैसे कशाला, असे मला वाटले. शिवाय स्वस्तातले सदतीस मिलिमीटरचे होते आणि माझ्या काटकुळ्या मनगटावर तेवढेच शोभत होते. दुसरे घातल्यावर हातावर वाटी पालथी घातल्यासारखे दिसे. दुकानदाराने शेवटचा प्रयत्न म्हणून सेलच्या घड्याळांचा ट्रे पुढे केला आणि म्हणाला, "काका, आमां कोई झंझट ज नहीं." झंझट हवी म्हणूनच आलो आहे, हे त्याला कोणत्या भाषेत सांगावे ते मला सुचले नाही.

झंझट चौथ्या दिवशी सुरू झाली. सकाळी घड्याळ पावणेपाचवर थांबलेले. माझी समजूत अशी की रोज कमाटी बागेत दोन फेऱ्या मारणाऱ्या माणसाच्या हातावर ते थांबणे शक्य नाही. घड्याळाच्या मागच्या काचेतून आतले अर्धवर्तुळाकार वजन दिसते. मनगट हलले की ते गरगरते, आणि त्याच्या खाली एक दुहेरी पंजाची पट्टी असते, जी वजन कोणत्याही दिशेने फिरले तरी दातेरी चाक एकाच दिशेने ढकलते. सैकोची ही 1959 सालची युक्ती इतकी साधी आहे की पाहून हेवा वाटावा. तेव्हा दोष यंत्रात असणार असे मानून मी पावती शोधू लागलो. पत्नीने चहाचा कप ठेवता ठेवता विचारले, "अहो, तुम्ही हात मागे बांधून चालता ना? मग त्या बिचाऱ्याने हलायचं कसं?"

चौतीस वर्षे यंत्रांमधून फिरताना चुकून कशाला हात लागू नये म्हणून पाठीमागे बांधलेले हात निवृत्तीनंतरही सुटले नव्हते. बागेत दोन फेऱ्या पायांच्या होत होत्या, मनगट मात्र पाठीशी स्वस्थ विसावलेले. दुसऱ्या दिवसापासून मी हात मोकळे सोडून चालू लागलो. पहिला आठवडाभर ते कुठे ठेवावेत हे समजत नसे आणि ओळखीचे लोक मला लांबूनच हात केल्याचे समजून उलट हात करीत.

नोंदवही अर्थात घातलीच. रोज रात्री दहाला मोबाइलशी ताडून फरक लिहायचा. पंधरवड्यात चित्र स्पष्ट झाले: दिवसभर हातावर असताना घड्याळ जवळजवळ बरोबर चालते, आणि रात्री तबकडी वर करून टेबलावर ठेवले की सकाळपर्यंत सात-आठ सेकंद पुढे जाते. तेच चावी खाली येईल असे उभे ठेवले तर चारपाच सेकंद मागे पडते. आडव्या घड्याळात तोलचक्राच्या आसाचे नुसते टोक टेकलेले असते. उभे केले की आस कडेवर घासतो, घर्षण वाढते, झोका लहान होतो आणि चाल बदलते. म्हणजे घड्याळ न उघडता, केवळ ते रात्री कसे निजवायचे हे ठरवून चूक फेडता येते. पुढे गेलेले असेल त्या रात्री मी ते चष्म्याच्या डबीला टेकवून उभे करतो, नसेल तर उताणे ठेवतो. या वेडाचे नाव शांतपणे सांगायचे तर कॅलिब्रेशन; घरात त्याला दुसरे नाव आहे.

एकदाच वही कोलमडली. एका सकाळी फरक सेकंदांत नव्हे, मिनिटांत आला. दिवसात सहा मिनिटे पुढे. मांडवीतल्या घडियाळीने घड्याळावर खिशातले छोटे होकायंत्र धरले आणि सुई थरथरताच म्हणाला, "साहेब, लोहचुंबक." नातवाच्या टॅब्लेटच्या चुंबकी झाकणावर मीच ते रात्री ठेवले होते. तोलचक्राला झुलवणाऱ्या, केसासारख्या बारीक स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ धावत सुटते. त्याने एका निळ्या डबीवर ते धरून बटण दाबले, आणि काम झाले. पैसे घेईना.

वाराच्या चकतीवर इंग्रजीसोबत अरबी आहे. मध्यरात्रीनंतर वार बदलताना आधी अरबी अक्षरे सरकत येतात आणि पहाटेपर्यंत पुढचा इंग्रजी वार जागेवर बसतो. वयोमानाने रात्री अडीचला उठणे होते, तेव्हा खिडकीत तो न वाचता येणारा वार दिसतो. या वेळात तारखेला हात लावायचा नसतो, आतले दाते एकमेकांत गुंतलेले असतात. म्हणून वर्षातून पाच वेळा, तीस किंवा अठ्ठावीस दिवसांच्या महिन्यानंतर, मी सकाळचा चहा झाल्यावर तारीख पुढे ढकलतो.

यंदा उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवर दोन दिवस पतंग उडवला. ढील देणे, खेचणे, "काप्यो छे!" म्हणून हात उंचावणे, सगळे डाव्या मनगटावर घड्याळ ठेवूनच. इतक्या हिसक्यांनी किल्ली जास्त बसून कमान तुटेल अशी पत्नीला धास्ती होती. पूर्ण भरल्यावर कमानीचे बाहेरचे टोक डब्याच्या भिंतीवरून घसरत राहते, तुटत नाही, हे मी तिला पेच लढवता लढवता समजावले. वासी उत्तरायणाच्या, म्हणजे पंधरा तारखेच्या, संध्याकाळी सातला खांदा इतका ठणकू लागला की घड्याळ काढून टेबलावर ठेवले आणि आडवा झालो. पूर्ण भरलेली कमान किती तास चालते हे मोजण्याची अशी आयती संधी पुन्हा मिळणार नव्हती. कंपनी सुमारे चाळीस तास म्हणते. सतरा तारखेला दुपारी एकच्या सुमारास ते थांबले, म्हणजे बेचाळीस. वहीत तशी नोंद केली, उजव्या हाताने, कारण डावा अजून शेकत ठेवला होता.